बेचिराग

तपासलेल्या उत्तरपत्रिका अध्यापकाला सहसा आठवत नाहीत. आम्हांला एक आठवते. संगमनेरात मराठी शिकवीत होतो तेव्हाची, द्वितीय वर्षाच्या अंतर्गत परीक्षेची. निबंधाचा विषय 'दुष्काळ आणि साहित्य' असा काहीसा होता. अकोल्याच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याने लिहिले होते की, दुष्काळात गावेच्या गावे 'बेचिराग' झाली. आम्ही लाल शाईने त्या 'ग'भोवती वर्तुळ काढले, समासात 'ख' लिहिले आणि शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापला. उत्तरपत्रिका परत दिल्या तेव्हा तो टेबलापाशी आला. "सर, आमचे आजोबा असंच म्हणतात," एवढेच म्हणाला. आम्ही त्याला बोली आणि प्रमाणभाषा यांतील फरक समजावून सांगितला. 'बेचिराख' या शब्दात जळून गेलेल्या गावाची राख कशी दडली आहे, ती प्रतिमा किती समर्पक आहे, यावरही पाचएक मिनिटे बोललो असू. मुलगा मान डोलावून गेला. अर्धा गुण गेला तो गेलाच.

पुढे काही वर्षांनी आजोळी जमिनीच्या वाटणीचे काम निघाले. आजोळ प्रवरेकाठी, संगमनेरपासून एका सकाळीत जाऊन येण्याच्या अंतरावर. मामांनी ट्रंकेतून जुने कागद काढले आणि, "तू मास्तर माणूस, तूच वाच," म्हणून आमच्यापुढे टाकले. नकाशे, खातेउतारे, पावत्या. त्यांत एका शेताची नोंद वेगळ्याच गावाच्या नावाखाली होती आणि त्या नावापुढे स्वच्छ देवनागरीत लिहिले होते : 'बेचिराग'. आम्ही म्हणालो, "मामा, लिहिणाऱ्याने चूक केली आहे. बेचिराख पाहिजे." मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे मास्तरा, राख कुठली आली तिथं? बेचिराग म्हंजी ज्या गावात दिवा लागत नाही ते. गाव उठलं, जमीन राहिली. सारा आपल्या गावात भरायचा. इतकी पुस्तकं वाचलीस आन् एवढं ठावं नाही?"

ठाऊक नव्हते. फारसीतला 'चिराग' आम्हांला ठाऊक होता आणि 'बे' हा उपसर्गही. पण दोन्ही एकत्र येऊन मराठीच्या दारात उभे असताना आम्ही त्यांना ओळखले नव्हते. घरी येऊन मोल्सवर्थचा कोश उघडला, तर ज्याचा दिवा गेला ते ओस गाव, अशा अर्थाने शब्द तिथे हजर. मराठेशाहीच्या कागदपत्रांत गाव 'बेचिराग' पडल्याचे उल्लेख सापडतात, तो महसुली भाषेतला नेमका शब्द आहे. माणसे किती मेली वा किती गेली याची मोजदाद त्यात नाही. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा लागतो की नाही, एवढीच कसोटी. ज्या भाषेत संध्याकाळला 'दिवेलागण' म्हणतात त्या भाषेने परका शब्द इतक्या सहजपणे आपलासा करावा यात नवल नाही. नवल याचे, की पुढे 'चिराग' लोकांच्या तोंडून गेला आणि 'ग'चा 'ख' झाला. मग विझलेल्या दिव्याच्या जागी जळलेले घर आले. असे अपभ्रंश भाषेत होतातच आणि त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. 'बेचिराख' हा शब्द आता रूढ आहे, शुद्ध आहे. पण दोन्ही शब्दांची गोष्ट एक नाही. राख म्हटली की आग आली, शत्रू आला, एक दिवस आला. दिवा विझायला शत्रू लागत नाही. एक घर उठते, मग दुसरे, आणि शेवटच्या घरातली म्हातारी लेकीकडे जाते.

मामांच्या त्या कागदातले गाव कुठे होते, हे विचारण्याची गरज नव्हती. ते आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. फक्त त्याला गाव म्हणत नव्हतो, 'पांढर' म्हणत होतो.

शहरी वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे जुने भाग दोन : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा केवळ अलंकार नव्हे. जिथे शतकानुशतके मातीच्या भिंती उभ्या राहतात आणि कोसळतात, चुलीची राख, शेण, कोंडा, हाडे, चुना सगळे तिथेच मिसळत जाते, तिथली माती खरोखरच फिकट, राखी-पांढुरकी होते आणि दख्खनच्या काळ्या रानात दुरून उठून दिसते. (म्हणजे राख अखेर आलीच, पण चुलीची. हा योगायोग मामांना सांगितला नाही.) वस्ती थरावर थर चढवीत राहते, म्हणून पांढर आसपासच्या रानापेक्षा उंच होते. गाव उठले तरी टेकाड राहते. पांढरीला लोक आई म्हणतात, तिची पूजा करतात. पंढरीशी या शब्दाचे नाते जोडण्याचा मोह साहित्याच्या माणसाला होतोच; तो आम्ही आवरतो, एकदा शब्दाने फसलो तेवढे पुरे.

पुरातत्त्वज्ञ नदीकाठाने हिंडत उत्खननासाठी जागा शोधतात तेव्हा ते प्रथम अशी पांढरीची टेकाडे पाहतात. शेतकऱ्यालाही ती दिसतात. शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते : ही माती खताला उत्तम. इतक्या पिढ्यांचे शेण आणि हाडे जिच्यात मुरली ती माती शेतात पसरली की पीक तरारून येते. म्हणून उन्हाळ्यात बैलगाड्या पांढरीला लागायच्या. आमच्या आजोबांच्याही लागायच्या. सुट्टीत आम्ही भावंडे त्या गाडीत बसून जायचो, माणसे कुदळींनी टेकाडाचा काठ उतरवायची आणि आम्ही ढासळलेल्या मातीतून मण्यांचे, बांगड्यांचे तुकडे, खापरे वेचायचो. मणी मामेबहिणींकडे जायचे. खापरे आमच्याकडे. चपटे गोल खापर ठिकरीला चांगले, जरा मोठी लगोरीला, आणि उरलेली प्रवरेच्या पाण्यावर भाकऱ्या काढायला. लाल रंगाचे, काळ्या रेघांचे, टिचकी मारली की धातूसारखे वाजणारे खापर पाण्यावर चार-चार टप्पे घ्यायचे. ते सर्वांत आवडते होते.

त्या वाजणाऱ्या खापराला जगाच्या पुरातत्त्वात आमच्याच परिसराचे नाव आहे. संगमनेरच्या पूर्वेला प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथल्या टेकाडावर उत्खनन केले. पक्क्या भाजणीची, लाल अंगावर काळ्या भौमितिक रेघा रंगवलेली, तोटीची भांडी आणि कोन काढलेले वाडगे तिथे मिळाले, सोबत तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. महाराष्ट्रातला शेती करणारा, गाव वसवून राहणारा तो ताम्रपाषाणयुगीन समाज, इसवी सनापूर्वी सुमारे १५०० ते १००० या काळातला. पुढे अशी भांडी जिथे जिथे सापडली तिथल्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' म्हणू लागले. एखाद्या खेड्याचे नाव असे पाठ्यपुस्तकात जावे आणि त्या खेड्याच्या शेजारच्या पोरांनी तिचे अवशेष नदीवर फेकून टप्पे मोजावेत.

आमच्याजवळ तीन तुकडे उरले होते. आईच्या शिवणाच्या डब्यात राहिले म्हणून उरले. पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना ते दाखवले. लाल-काळे खापर त्यांनी पाहताक्षणी जोर्व्याचे म्हणून ओळखले. दुसरा तुकडा निळसर झिलईच्या भांड्याचा, तिसरा काळ्या काचेच्या बांगडीचा. हे दोन्ही मध्ययुगीन, बहमनी-निजामशाहीपासून मराठेशाहीपर्यंतच्या काळातले, असे ते म्हणाले. म्हणजे त्या एकाच टेकाडावर किमान दोनदा गाव वसले होते आणि दोन्ही वेळा उठले होते. मामांच्या कागदातले बेचिराग गाव हे त्यांतले अलीकडचे. आमचा आनंद मावेना. मग त्यांनी विचारले, "कोणत्या थरातून मिळाले?" आम्ही गप्प. "झिलईचं खापर वरच्या थरात होतं की खालच्या? दोघांच्या मध्ये रिकामी माती होती का? किती?" आम्ही सांगितले की गाडीतून मिळाले. ते हसले नाहीत. त्यांनी तिन्ही तुकडे कागदात गुंडाळून परत दिले आणि म्हणाले, "मग ठेवा, आठवण म्हणून."

थर हाच पुरावा असतो, वस्तू नव्हे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे लवकर कळायला हवे होते. संहितेतून शब्द सुटा काढला की तो शोभेचा उरतो, हे आम्ही आयुष्यभर वर्गात सांगत आलो आहोत.

प्रवरेने खाली उतरत श्रीरामपूर तालुक्यात गेले की डाव्या काठावर दायमाबाद लागते. १९५८ साली बोपर्डीकरांनी हे स्थळ उजेडात आणले आणि तेव्हापासून १९७९पर्यंत तीन वेळा तिथे उत्खनने झाली : आधी देशपांडे, मग एस. आर. राव, मग एस. ए. साळी. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक निघाले. पण त्या गावाची कीर्ती झाली ती वेगळ्याच कारणाने. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना तिथे एका झुडपाचे मूळ उकरताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ, त्यावर उभा माणूस. वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाले, आणि वादाचे मूळ पुन्हा तेच : मूर्ती उत्खननाच्या बाहेर मिळाल्या, थराचा निर्विवाद दाखला नाही.

आम्हांला मात्र मूर्तींहून ते नाव अधिक छळते. 'दायम' म्हणजे नित्य, 'आबाद' म्हणजे वसलेले. सदा वसलेले. फारसी वळणाचे हे नाव ताम्रपाषाणयुगातले असणे शक्यच नाही. ते मध्ययुगात कोणीतरी, नव्या वसाहतीच्या उमेदीने ठेवलेले. आणि आज दायमाबादची ओळख संदर्भग्रंथांत ओसाड गाव अशीच दिली जाते. ज्या भाषेने 'आबाद' दिला तिनेच 'बेचिराग'ही दिला. कारकुनाने पहिला शब्द कौलनाम्यावर लिहिला असेल आणि दुसरा काही पिढ्यांनंतर ताळेबंदात.

कारण मध्ययुगात गाव वसवणे हे राजकारणाइतकेच गंभीर काम होते. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातेत जो दुष्काळ पडला त्याचे भयंकर वर्णन शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, केले आहे. तुकोबांच्या घरावरचा घाला याच दुष्काळातला मानतात. त्याच वर्षांत निजामशाही कोसळत होती. १६३२-३३च्या सुमारास संगमनेरजवळच्या पेमगिरीवर शहाजीराजांनी निजामशाही वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवून राज्य सावरण्याचा प्रयत्न केला आणि १६३६मध्ये तेही संपले. मोगल, विजापूरकर, शहाजी या सर्वांच्या फौजा ज्या मुलखातून फिरल्या तो हाच. पुण्यावर मुरार जगदेवाने गाढवाचा नांगर फिरवला ही कथा सर्वांना ठाऊक असते, कारण पुणे पुन्हा वसले आणि मोठे झाले. जी खेडी पुन्हा वसली नाहीत त्यांची कथा कोण सांगणार? रयत परत यावी म्हणून कौल दिले जात, इस्तावा ठरे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग दरसाल चढता. पुष्कळ गावे परतली. काही अर्ध्या कोसावर, पाण्याजवळ किंवा तटबंदीच्या गावाशेजारी, नव्याने बसली. काहींची जमीन शेजारच्या गावाने कसायला घेतली आणि नाव तेवढे दप्तरात राहिले. आजही जनगणनेच्या याद्यांत वस्ती शून्य असलेली महसुली गावे असतात. त्यांत नाव आहे, क्षेत्रफळ आहे, लोकसंख्येच्या रकान्यात काही नाही.

इंग्रजी साहित्याच्या वर्गात ओसाड गाव म्हटले की गोल्डस्मिथची १७७०ची कविता निघते. तिच्यावर टिपणे काढलेल्या पिढ्यांना, आम्हीही त्यांतलेच, इंग्लंडातले प्रत्यक्ष ओसाड गाव कसे असते हे क्वचित कोणी सांगितले. यॉर्कशरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे एक गाव होते. १५००च्या सुमारास तिथली शेवटची कुटुंबे उठवली गेली, कारण जमीनदाराला नांगरापेक्षा मेंढी परवडत होती. गवताखाली घरांच्या पायांचे उंचवटे तेवढे राहिले, तिरप्या उन्हात दिसणारे. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासकार आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ यांनी १९५०पासून १९९०पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन केले. चाळीस उन्हाळे, एक खेडे! तिथे राजा नव्हता, खजिना नव्हता. कुणब्याचे घर किती वर्षांनी नव्याने बांधत, एवढ्यासाठी त्यांनी माती बोटांनी चाळली. गावात उभे राहिलेले एकच बांधकाम म्हणजे सेंट मार्टिनचे चर्च. गाव गेल्यावरही आसपासच्या वस्त्यांसाठी ते साडेचारशे वर्षे चालू होते. विसाव्या शतकाच्या मध्यात थांबले. चर्चच्या आवारातून सुमारे ७०० सांगाडे निघाले आणि त्या खेडुतांच्या हाडांवरून त्यांचे आजार, त्यांचा आहार वाचता आला.

आमच्याकडे घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ असे दीर्घ काम झाले, तेही असेच खेड्याचे चरित्र होते. आयताकृती घरांतून लोक शेवटी गोल झोपड्यांत कसे आले आणि इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास गाव कसे उठले, हे सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांनी थराथरांतून दाखवले. पण ते ताम्रपाषाणयुगीन खेडे. आमच्या मध्ययुगीन खेड्याच्या वाट्याला चाळीस उन्हाळे कोणी दिलेले नाहीत. उत्खननात मध्ययुगीन थर वरचा असतो. त्यातून पार होऊनच जुन्याकडे जावे लागते, म्हणून त्याला घाईने पार केले जाते. आणि जिथे उत्खनन नाही तिथे तोच थर आधी गाडीत भरला जातो.

नेवाशाचे उदाहरण या दृष्टीने आमच्या मनात घर करून आहे. तिथल्या लाडमोड टेकाडाच्या १९५४-५६च्या उत्खननात अश्मयुगापासूनचा क्रम लागला. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले रोमन व्यापाराच्या खुणांचे थर लागले. आणि त्यावर एकदम मध्ययुगीन मुस्लिम-मराठा काळाचा थर. मधली सुमारे हजार वर्षे त्या टेकाडावर नाहीत. त्या गैरहजर वर्षांतच १२९० हे साल येते, ज्ञानेश्वरीचे. म्हणजे मराठीचा सर्वांत मोठा ग्रंथ ज्या गावात सांगितला गेला त्या गावाचा त्या शतकातला थर खोदलेल्या टेकाडात नाही. गाव दुसरीकडे सरकले असणार. गावे अशी सरकतात. उरला काय, तर ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे परंपरा मानते तो दगडी खांब. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या ललितलेखसंग्रहाला 'पैस' हे नाव याच खांबावरून दिले. त्या खांबावर कोरीव लेख आहे, तो करवीरेश्वराच्या देवळाचा. ते देऊळ आज नाही. लेखात काय आहे? देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दर महिन्याला द्यायच्या दानाची नोंद. देऊळ गेले, देव गेला, दिवा गेला आणि तेलाची तरतूद दगडावर आहे. हा लेख आम्ही पूर्वीही वाचला होता. मामांनी 'चिराग' दाखवल्यानंतर पुन्हा वाचला तेव्हा बराच वेळ काही सुचले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेलो. पांढर आता टेकाड राहिलेली नाही. गाड्यांनी पन्नास वर्षांत नेले त्याहून अधिक यंत्राने आणि ट्रॉल्यांनी थोडक्या काळात नेले. जागा सपाट आहे, वर डाळिंब आहे. मधोमध मात्र एक ओटा सोडलेला, त्यावर शेंदराचे थर चढून आकार हरवलेला मारुती आणि शेजारी जमिनीत कललेली एक वीरगळ. उठलेल्या गावाचा मारुती हलवत नाहीत. पिढ्यान् पिढ्या त्याला शनिवारी तेल मामांच्या घरातून जाते, मूळ गावाचे कोणी उरले नाही म्हणून. योगायोगाने शनिवारच होता. मामांचे गुडघे आता चालू देत नाहीत. त्यांनी तेलाची बाटली आणि वात आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "वारा असतो तिथं. पाठ करून बस म्हंजी लागंल."

पाठ करून बसलो. तिसऱ्या काडीला लागला. ओट्याच्या पायाशी माती उकरली गेली होती आणि तिथे हातभर उंचीचा एक काप दिसत होता : वर भुरकट, मध्ये बोटभर काळी रेघ, खाली पुन्हा पांढुरकी. खालच्या भागातून एक लाल खापर अर्धे बाहेर आले होते, काळ्या रेघेचे. हात पुढे गेला होता. तो मागे घेतला, मोबाइलवर त्या कापाची चार छायाचित्रे काढली, शेजारी मापासाठी काडेपेटी ठेवून, आणि त्याच रात्री ती स्नेह्यांना पाठवली. सकाळी उत्तर आले : "कशाला हात लावू नका. येतो."

त्या विद्यार्थ्याचा पत्ता लागलेला नाही. महाविद्यालयाच्या जुन्या नोंदींतून नाव सापडले, गाव सापडले, पण तो आता तिथे राहत नाही असे कळले. अर्धा गुण देणे बाकी आहे.